हॉस्पिटलात डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, मग ही क्लिनिकल फार्मासिस्ट मधेच कोण?

जागता_पहारा
मंडळी, जरा गोंधळ झालाय म्हणून विचारतोय, कुणी हॉस्पिटल लाईनमधलं असेल तर प्लीज सांगा.

सासूबाई न्यूमोनियासाठी ॲडमिट आहेत. वय ७८. आधीपासून बीपी आहे, शुगर आहे, हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी आहे, त्यात कॅल्शियम, काचबिंदूचे थेंब, असा सगळा डबाच भरलेला असतो. ॲडमिट केल्याच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली, मला वाटलं इंटर्न असेल, तर म्हणाली मी क्लिनिकल फार्मासिस्ट. आणि मग जी उलटतपासणी सुरू केली की बस. कुठली गोळी, किती वाजता, घेतातच का की नुसत्या लिहून दिल्यात, मधे कधी बंद केली होती का, डॉक्टरांनी न सांगता स्वतःहून काय घेतात. डोळ्यातल्या थेंबांचं नाव सुद्धा विचारलं, मी म्हटलं अहो न्यूमोनिया छातीत झालाय. वर पुन्हा वजन करायला लावलं, केस पेपरवर ५५ लिहिलेलं होतं ते ४५ निघालं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर अँटिबायोटिक, लिव्होफ्लॉक्सासिन ७५०, जे रोज होतं ते एक दिवसाआड केलेलं. कॅल्शियमच्या गोळीची वेळ बदललेली. आणि सिस्टर शुगर जास्त वेळा तपासायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या किडनीसाठी डोस ॲडजस्ट केलाय. पण किडनीचा रिपोर्ट तर नॉर्मल आहे, क्रिएटिनिन १.१, मी स्वतः बघितलाय, पुढे लाल खूण बिण काही नाही!

मेव्हणा भडकलाय, त्याचं म्हणणं ही सगळी नवीन फॅडं आहेत, मेडिकलच्या काउंटरवरची माणसं आता डॉक्टरांना शिकवणार का. मला एवढंच कळत नाहीये की इन्फेक्शन असताना अँटिबायोटिक कमी कसं करतात, आणि ह्या बाईंना तसा अधिकार असतो का. भांडायचं नाहीये मला, समजून घ्यायचंय.

गोळीचा_हिशोब
जागता_पहारा दादा, मी हेच काम करते त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवते. आणि मी तुमच्या सासूबाईंना बघितलेलं नाही, त्यामुळे तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून एवढंच बोलते, निर्णय तिथल्या टीमचाच.

आधी तो क्रिएटिनिनचा १.१, कारण सगळी गंमत तिथेच आहे. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून आणि किडनी ते बाहेर टाकते. वय वाढलं, अंग वाळलं की स्नायू कमी, मग क्रिएटिनिन तयारच कमी होतं, आणि किडनी निम्म्याने काम करत असली तरी रिपोर्टमध्ये आकडा शहाण्यासारखा दिसतो. म्हणून आम्ही नुसता रिपोर्ट वाचत नाही, हिशोब मांडतो. १९७६ साली आलेलं कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं सूत्र आहे, औषधांच्या डोससाठी अजून तेच जास्त चालतं. १४० मधून वय वजा करायचं, आलेल्या उत्तराला वजनाने गुणायचं, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागायचं, आणि पेशंट बाई असेल तर ०.८५ ने गुणायचं. करून बघा तुमच्या सासूबाईंचं. १४० वजा ७८ म्हणजे ६२, गुणिले ४५ म्हणजे २७९०, भागिले ७९.२ म्हणजे ३५ च्या आसपास, आणि ०.८५ ने गुणलं की मिनिटाला जेमतेम ३० मिली. आता तोच १.१ क्रिएटिनिन तीस वर्षांच्या ७५ किलोच्या पुरुषाला लावा, उत्तर १०४ येतं. रिपोर्टवरचा आकडा तोच, किडनीचं काम तिपटीहून जास्त वेगळं. वजन पुन्हा का करायला लावलं तेही यातच आलं, ५५ धरलं असतं तर उत्तर ३६-३७ आलं असतं. या औषधाला त्याने फरक पडला नसता, पण काही औषधांची सीमारेषा बरोबर ३० वर असते, आणि किलोवर डोस ठरणारी इंजेक्शनं असतात तिथे दहा किलोची चूक म्हणजे चेष्टा नाही.

आता लिव्होफ्लॉक्सासिन. हे औषध मुख्यतः किडनीवाटे बाहेर जातं. क्लिअरन्स, म्हणजे वरच्या सूत्रातून आलेला किडनीच्या मिनिटाच्या सफाईचा आकडा, २० ते ४९ च्या मधे असेल तर ७५० चा डोस ४८ तासांनी द्यायचा हे औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. म्हणजे अँटिबायोटिक कमी केलेलं नाहीये, एका वेळचा डोस पूर्णच आहे, फक्त अंगातून बाहेर पडायला वेळ लागतोय म्हणून पुढचा डोस उशिरा. रोज दिलं असतं तर साचत गेलं असतं, आणि ते साचलं की म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, असंबद्ध बोलतात, कधी झटके येतात, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. मग घरचे म्हणतात वयामुळे झालं.

शुगर जास्त वेळा का बघतायत, तर ह्या जातीच्या अँटिबायोटिकने शुगर खाली पण जाते, वर पण जाते. त्या शुगरसाठी ग्लिमेपिराइड किंवा त्याच्या भावंडांपैकी काही घेत असतील तर खाली जायची भीती जास्त. आणि बीपीसाठी किंवा ठोक्यांसाठी मेटोप्रोलॉल चालू असेल, बऱ्याचदा असतंच, तर शुगर उतरल्यावर जी धडधड होते, हात थरथरतात, ते या गोळीमुळे झाकलं जातं. घाम मात्र येतो. त्यामुळे सासूबाईंना अचानक घाम फुटला तर ताप उतरतोय म्हणून पुसत बसू नका, सिस्टरना शुगर बघायला सांगा.

कॅल्शियम पोटात गेलं की या अँटिबायोटिकला धरून बसतं, शोषूच देत नाही. लोहाच्या गोळीचं, ॲसिडिटीवरच्या पातळ औषधाचं पण तेच. मधे कमीत कमी दोन तास हवेत. किती सोपी गोष्ट आहे बघा, पण सकाळच्या गोळ्या सगळ्या एकत्र वाटीत देतात ना, म्हणून रोजच्या रोज चुकते. अँटिबायोटिक सलाईनमधून चालू असेल तर हा प्रश्न येत नाही, पण पुढे गोळीवर आणणार असतील म्हणून आधीच वेळ बदलून ठेवली असेल.

आणि थेंब! काचबिंदूसाठी खूप जणांना टिमोलॉल असतं. ते बीटा ब्लॉकरच आहे, म्हणजे नाडी मंदावणाऱ्या गोळ्यांच्या जातीचं, मेटोप्रोलॉलचं चुलत भावंड. डोळ्यात टाकलेलं नाकात उतरतं, तिथून थेट रक्तात जातं, लिव्हरमधून गाळून निघत नाही. दम लागणाऱ्या पेशंटला त्याने श्वासनळ्या आवळतात, आणि मेटोप्रोलॉलच्या जोडीला नाडी फार मंदावू शकते. छातीचा पेशंट आहे म्हणूनच तिने डोळ्यातलं विचारलं. थेंब बंद करायचे नाहीत हं कुणाला न विचारता, काचबिंदूत दृष्टी जाते ती परत येत नाही. पण थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरा, रक्तात जायचं प्रमाण बरंच कमी होतं.

अधिकाराचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी आम्ही सुचवतो आणि डॉक्टर सही करतात. ब्रिटनमध्ये २००६ पासून जादा शिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टना स्वतः लिहून देता येतं, पण ते वेगळं. तुमच्याकडे बदल झालाय म्हणजे डॉक्टरांनी मान्य केलाय. आणि मेव्हण्यांना सांगा फॅड बिड काही नाही, सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात १९६६ सालीच नवव्या मजल्यावर वॉर्डातच फार्मासिस्ट बसवून हे काम सुरू केलं होतं. तुमच्या मेव्हण्यांपेक्षा आमचा धंदा वयाने मोठा निघायचा.

बरं सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, वॉरफरिन. लिव्होफ्लॉक्सासिन चालू असताना आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीचा आकडा, वर जाऊ शकतो. विचारून घ्या की पुढचा आयएनआर कधी काढणार आहेत.

नाईट_ड्युटी
रेसिडेंट आहे, मेडिसिनला. वरचं सगळं बरोबर आहे, पण नाण्याला दुसरी बाजू आहे ती पण लिहितो, नाहीतर लोकांना वाटेल डॉक्टर झोपा काढतात आणि फार्मासिस्ट पेशंट वाचवतात.

एक तर किडनीप्रमाणे डोस कमी करायची घाई. पेशंट सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन सगळ्या अंगाला भोवलेल्या अवस्थेत आला, बीपी खाली, लघवी कमी, क्रिएटिनिन चढलेलं, आणि पहिल्याच दिवशी चार्टवर चिठ्ठी, डोस कमी करा. अरे बाबा हे क्रिएटिनिन सलाईन दिल्यावर उद्या-परवा खाली येणार आहे, बऱ्याच जणांचं येतं, आणि पहिले ४८ तास अँटिबायोटिक कमी पडलं तर मग किडनी वाचवून करायचं काय. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तर थोडी जास्त झाली तरी सहसा चालतं, कमी पडली तर पेशंट जातो. पुस्तकातला तक्ता समोरच्या पेशंटला लावताना पेशंट कुठल्या दिशेने चाललाय हे बघावं लागतं आणि ते बेडजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तुमच्या सासूबाईंची किडनी हळूहळू म्हातारी झालीये, ती काही दोन दिवसांत तरुण होणार नाही, त्यामुळे तिथे बदल बरोबरच आहे. पण दोन्हीला एकच फूटपट्टी लावणारे भेटतात.

दुसरं म्हणजे फोन. रात्री अकरा ॲडमिशन चालू आहेत आणि खालून फार्मसीतून फोन, डॉक्टर तुम्ही लिहिलेल्या दोन औषधांची इंटरॲक्शन आहे, म्हणजे एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो. कुठली तर सॉफ्टवेअरने दाखवलेली, जी आम्ही रोज मुद्दाम एकत्र देतो. असे दहा फोन आले की अकरावा खरा असतो तोही माणूस हं हं करून ठेवतो. आणि सही शेवटी माझी असते.

असं असूनही व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू केलं की पहिला फोन मी स्वतः त्यांनाच करतो. पूर्वी नुसती पुढच्या डोसच्या आधीची औषधाची रक्तातली लेव्हल बघायचो, १५ ते २० मध्ये आली की खूश. २०२० च्या गाईडलाईनपासून गंभीर इन्फेक्शनला दिवसभरातलं एकूण प्रमाण, ज्याला एयूसी म्हणतात, ते ४०० ते ६०० मध्ये ठेवायचं आलं आणि तो हिशोब वॉर्डात उभ्या उभ्या होत नाही. आमची फार्मासिस्ट तर आधी विचारते रक्त नक्की किती वाजता काढलं, सलाईन चालू असलेल्याच हातातून काढलं नाही ना. निम्म्या वेळा लेव्हल चुकीची नसते, वेळ चुकीची असते. असं काम करणारी असेल तर मला माझ्या राउंडमध्ये हवीच आहे. फोनवरून तक्ता वाचून दाखवणारी नको.

गोळीचा_हिशोब
नाईट_ड्युटी, तुम्ही भांडायला आलात आणि माझीच बाजू मांडून गेलात.

पहिल्या ४८ तासांचं शंभर टक्के मान्य. त्यात एक भर घालते की पहिला डोस तर किडनी कशीही असो, बहुतेक अँटिबायोटिकचा पूर्णच द्यायचा असतो, कारण सुरुवातीला औषध अंगात भरायचं असतं, बाहेर टाकायचा प्रश्न नंतर येतो. हे न बघता पहिल्याच डोसवर कात्री चालवणारा फार्मासिस्ट असेल तर त्याने वॉर्डात येऊन पेशंट बघावा, तुमचं खरं आहे.

सॉफ्टवेअरच्या अलर्टचं रडगाणं आमचंही आहे. कॉम्प्युटरला सगळंच धोक्याचं दिसतं, त्यातलं या पेशंटला काय लागू आहे आणि काय सोडून द्यायचं हे निवडणं हेच तर माझं काम. मी जर सगळं जसंच्या तसं तुमच्याकडे ढकलणार असेन तर मग मी कशाला हवी, प्रिंटर पुरे.

राउंडचं म्हणालात म्हणून सांगते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या एका मेडिकल आयसीयूमध्ये केलेला अभ्यास १९९९ साली छापून आला होता. फार्मासिस्ट सकाळच्या राउंडला टीमबरोबर उभा राहायला लागला, आणि औषध लिहिताना होणाऱ्या टाळता येण्यासारख्या अपायांचं प्रमाण दर हजार पेशंट-दिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आलं. म्हणजे ६६ टक्के घट. फार्मासिस्टने ३६६ वेळा औषधाबद्दल काही सुचवलं त्यातलं ३६२ वेळा डॉक्टरांनी मान्य केलं. एकाच आयसीयूचा अभ्यास आहे, सगळीकडे तेवढंच होईल असं मी म्हणणार नाही. पण मला त्यातली मान्य होण्याची संख्या जास्त बोलकी वाटते. समोर उभं राहून, पेशंट दिसत असताना, औषध लिहायच्या आधी बोललं की डॉक्टर ऐकतात. लिहून झाल्यावर, गोळी वॉर्डात पोचल्यावर फोन केला की ती चूक काढल्यासारखं होतं आणि समोरचा बचावात जातो. माणसाचा स्वभावच आहे, डॉक्टर फार्मासिस्ट असं काही नाही.

आणि एक गोष्ट जी कुणाच्याच वाट्याला येत नाही ती आमच्या वाट्याला येते. हृदयाचे डॉक्टर हृदयाच्या गोळ्या लिहितात, शुगरवाले शुगरच्या, हाडांवाले हाडांच्या. सगळी यादी एकत्र मांडून कोण बघतं? बीपीसाठी ॲम्लोडिपिन दिलं, त्याने पाय सुजले, सूज बघून दुसऱ्यांनी लघवीची गोळी दिली, लघवीने पोटॅशियम उतरलं, तिसऱ्यांनी पोटॅशियमचं औषध दिलं. तिघांपैकी प्रत्येकाने समोर दिसलं त्यावर उपाय केला, पण मुळात पहिली गोळी बदलली असती तर पुढच्या दोन लागल्याच नसत्या. हे यादीत वरपासून खालपर्यंत, कुठली गोळी कधी सुरू झाली त्या क्रमाने वाचल्यावरच दिसतं. म्हणून ती उलटतपासणी, दादा.

वॉर्डातली_सिस्टर
सगळे डोसबद्दल बोलतायत, मी गोळी कुटणाऱ्यांच्या बाजूने बोलते, कारण शेवटी औषध पेशंटच्या अंगात आम्ही घालतो.

नाकातून नळी असलेला पेशंट असला की चार्टवर नुसतं लिहिलेलं असतं, गोळी राईल्स ट्यूबमधून द्या. आता ती गोळी कुटायची आहे की नाही ते कोण बघणार? दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की सगळा डोस एकदम सुटतो, बीपीची तसली गोळी असेल तर पेशंटचं बीपी धाडकन खाली. पोटातल्या ॲसिडपासून वाचावी म्हणून वर लेप दिलेली असेल आणि कुटली तर काही उपयोगच नाही, आणि नळी चोंदते ती वेगळीच. आमच्या फार्मासिस्ट मॅडम आल्यापासून नळीवाल्या पेशंटच्या चार्टवर लाल पेनने लिहून ठेवतात, ही कुटायची नाही, हिच्याऐवजी पातळ औषध मागवलंय. फिट्सच्या फेनिटोईनचं तर त्यांनी वेळापत्रकच लावून दिलं, कारण नळीतून जे फीड देतो त्याच्याबरोबर दिलं की ते नीट शोषलं जात नाही, म्हणून आधी आणि नंतर फीड थांबवायचं. आधी असं व्हायचं की लेव्हल कमी आली की डोस वाढव, परत कमी की परत वाढव, आणि नळी काढून पेशंट तोंडाने घ्यायला लागला की एकदम जास्त होऊन झोकांड्या.

सलाईनचं पण तसंच. फेनिटोईन ग्लुकोजच्या बाटलीत घातलं की गोठून बसतं, साध्या सलाईनमध्येच द्यावं लागतं. सेफ्ट्रिॲक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एकाच नळीतून एकत्र सोडायचं नाही, कारण रिंगरमध्ये कॅल्शियम असतं, नवजात बाळात तर जिवावर बेततं. हातात सहा इंजेक्शनं आणि पेशंटला एकच लाईन असली की कुठलं कुणाबरोबर चालतं हा प्रश्न रात्री दोन वाजता पडतो. डॉक्टरांना विचारावं तर त्यांनाही पाठ नसतं, आणि नसणारच. आम्हाला मॅडमनी एक तक्ता करून ट्रॉलीला चिकटवून दिलाय, अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

तक्रार म्हणाल तर एकच, त्या चारनंतर घरी जातात आणि शनिवार-रविवार कुणीच नसतं. पेशंट काय वार बघून बिघडतात का?

दोन_पिशव्या
आमच्याकडे हा प्रकारच नव्हता. वडील गेल्या वर्षी ज्या हॉस्पिटलात होते तिथे फार्मासिस्ट म्हणजे खिडकीतून औषधं देणारे एवढंच माहीत. डिस्चार्जला कागद दिला, त्यावर नवीन गोळ्या, आणि घरी जुन्या गोळ्यांची पिशवी तशीच. आम्ही दोन्ही चालू ठेवल्या. कुणी सांगितलंच नाही ना की जुनी बंद आहे. कंपनीचं नाव वेगळं, रंग वेगळा, आत औषध तेच, बीपीचीच गोळी दुप्पट जात होती. उठले की चक्कर, एकदा बाथरूममध्ये पडले. शेवटी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात असतं ते वाचून दाखवलं तेव्हा उजेड पडला. त्यामुळे तुम्हाला कुणी येऊन अर्धा तास गोळ्या विचारत असेल तर तिला बसायला खुर्ची द्या एवढंच म्हणेन.

जागता_पहारा
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मी कागद-पेन घेऊन तो हिशोब स्वतः केला, खरंच ३० च आलं. मेव्हण्याला दाखवला, तो म्हणे क्रिएटिनिन नॉर्मल आहे तर सूत्रच चुकीचं असेल. असो.

थेंब टिमोलॉलचेच निघाले आणि मेटोप्रोलॉल पण आहे. नाडी बघतायत, ठीक आहे म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून थेंब बदलायचे का ते ठरवणार. आयएनआर आज काढला, ३.४ आलाय, २ ते ३ मध्ये हवा होता म्हणे, आजची वॉरफरिन थांबवलीये आणि उद्या परत बघणार. सासूबाई तशा बऱ्या आहेत, ऑक्सिजन काढलाय, आज सिस्टरवर ओरडल्या म्हणजे तब्येत सुधारतेय.

दोन-तीन दिवसांत सोडतील असं दिसतंय. दोन_पिशव्यांचं वाचून धास्ती बसली. घरी नेताना नक्की काय काय विचारून घेऊ?

गोळीचा_हिशोब
ओरडल्या हे वाचून बरं वाटलं.

सगळ्यात आधी, घरातला तो डबा हॉस्पिटलात घेऊन या, रिकामी पाकिटं आणि अर्धवट स्ट्रिप्स सगळ्यासकट, आणि फार्मासिस्टना म्हणा डिस्चार्जच्या यादीशी ताडून द्या. यालाच आमच्यात रिकन्सिलिएशन म्हणतात, येताना एकदा, वॉर्ड बदलताना एकदा, जाताना एकदा. येतानाचं सगळे करतात, जातानाचं घाईत राहतं, आणि खरा घोळ तिथेच होतो. प्रत्येक गोळीपुढे तीनपैकी एक शब्द हवा, चालू, बदलली किंवा बंद. बंद असेल तर का, आणि कायमची की तात्पुरती.

मग हॉस्पिटलात सुरू झालेलं आणि घरी नको असलेलं. ॲडमिट झाल्यावर ॲसिडिटीची गोळी बहुतेक सगळ्यांना लागते, झोपेची पण कधी कधी, आणि मग ती कागदावर चिकटून घरी जाते ती वर्षानुवर्षं. विचारा, ही कधी थांबवायची. वॉरफरिनवाल्या पेशंटला पोटातल्या रक्तस्रावाच्या भीतीने ॲसिडिटीची गोळी मुद्दाम ठेवतात कधी कधी, त्यामुळे स्वतःच्या मनाने काढू नका, पण कारण विचारायला काय जातं.

अँटिबायोटिकचे डोस घरी उरणार असतील तर तारखा लिहून घ्या. एक दिवसाआड हे घरी हमखास चुकतं, कॅलेंडरवरच खूण करा. कॅल्शियम चालू राहणार असेल तर दोन तासांचं लक्षात आहेच.

आणि आयएनआर. आता वर गेलाय म्हणून डोस कमी करतील, पण अँटिबायोटिक संपलं की तो परत खाली यायला लागतो, आणि कमी केलेला डोस तसाच राहिला तर रक्त पुरेसं पातळ राहत नाही, मग गुठळीची भीती. लोकांना वाटतं वर गेलेला खाली आला, संपलं. इथे दोन्हीकडून धोका आहे. त्यामुळे घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यातच आयएनआर कुठे काढायचा, रिपोर्ट कुणाला दाखवायचा आणि डोस कोण बदलणार, माणसाचं नाव आणि फोन नंबर घेऊनच बाहेर पडा. नुसतं फॉलोअपला या एवढं चालवून घेऊ नका. नाकातून, हिरड्यातून रक्त आलं, शौचाला काळी झाली, डोक्याला मार लागला तर तारखेची वाट न बघता ताबडतोब जायचं.

वॉर्डातली_सिस्टर
हे सगळं सासूबाईंसमोरच विचारा हो. गोळ्या त्याच घेणार आहेत ना. आम्ही जावयांना समजावून सांगतो आणि घरी गोळ्या काढून देणारं माणूस भलतंच असतं.

नाईट_ड्युटी
बऱ्याच डिस्चार्ज समरीत बंद केलेल्या औषधांचा रकानाच नसतो. हाताने लिहून द्या म्हणा, आम्ही देतो. फक्त राउंडच्या आधी सांगून ठेवा. नंतर ओपीडी सुरू झाली की मी सापडत नाही, आणि रविवारी डिस्चार्ज देतायत म्हणाले तर फार्मासिस्टकडून यादी शुक्रवारी दुपारीच तपासून घ्या.